बाटलीवाली मुकादमीण

आमच्या मुकादमीणबाईच्या पर्समध्ये खोकल्याच्या औषधाची एक जुनी बाटली असायची. आत औषध नव्हतं. कोळंबी सोलायच्या शेडात हात बुडवायला ब्लिचिंग पावडरचं पाणी करतात, तेच तिने दाट करून, मीठ घालून भरलेलं असायचं. शनिवारी आठवडा बाजारात ती कानातल्यांच्या गाडीपुढे उभी राहिली की आधी बाटली काढायची. बुचात थोडं पाणी ओतून त्यात झुमक्याची तार बुडवायची आणि तिथेच उभी राहून शंभरपर्यंत मोजायची. तार काळी पडली की झुमका विकणाऱ्याच्या हातावर ठेवून पुढे. नाही पडली तर भाव करायला सुरुवात.

"आमच्या खाऱ्या पाण्यात टिकलं पायजे," म्हणायची. "नायतर कान चिघळतो. नवीन कान काय तू देणार?"

काळं पडलेलं कानातलं तिने कधी विकत घेतलं नाही आणि त्याचे पैसेही कधी दिले नाहीत. तरी कुणाची तिला हटकायची छाती नव्हती. बाई अंगाने दणकट, आवाज लिलावात कमावलेला. ती कोपऱ्यावर दिसली की गाडीवाले भराभर काही डबे फळीखाली सारायचे. जे वर राहील ते घ्यायला हरकत नाही असं आम्ही समजायचो.

तिचं नाव मी लिहीत नाही. शेडात तिला कुणी नावाने हाक मारत नव्हतं.

शेड मिरकरवाड्याच्या बंदराला लागून होतं. मी पन्नाशी गाठत आले तेव्हा तिथे कामाला लागले. माल बाहेरदेशी जायचा, त्यामुळे बाईच्या अंगावर काही चालायचं नाही. बांगडी नाही, डोक्यात पिन नाही, कानात, नाकात, गळ्यात काही नाही. एक पिन खोक्यात सापडली तर सगळी गाडी परत येते, असं मालक सांगायचा. दारातच बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन मुकादमीण बसायची आणि एकेकीला सोलायची. कोळंबी नंतर, आधी आम्ही.

नवी सून असली की मंगळसूत्र काढताना हात थांबायचा. मुकादमीण म्हणायची, "काढ गो. नवरा काय त्यात बसलेला नाय. घरात बसलाय. त्याला सांग कामाला जायला."

दिवसभर अशी सगळ्यांना भुंडी करणारी ही बाई शनिवारी बाजारात मात्र पिसाळायची. कॉलेजच्या पोरींच्या मागे मागे चालायची. एखादीला सरळ थांबवून विचारायची, "पोरी, हे डोक्याला लावलंस त्याला काय म्हणतात?" पोरगी घाबरून सांगायची, क्लचर. मग पुढचे चार शनिवार क्लचर. त्यानंतर गळ्याला आवळून बसणारा तो काळा पट्टा आला, मग ऑक्साइडचे मोठे झुमके, मग मोत्यांच्या पिना. स्वतःच्या दोन कानांत ती दोन वेगळी कानातली घालायची. एकाच वेळी दोन नमुने बघून होतात म्हणे. रस्त्यात लोक बघायचे. तिला कधी त्याचं काही वाटलं नाही.

"फॅशन म्हणजे ताजी मासळी," ती सांगायची. "आज घेतली तर आज. परवा तिला मांजर विचारत नाय."

शेडात लागलेल्या प्रत्येक बाईला पहिल्या शनिवारी ती बाजारात नेऊन कानातलं घेऊन द्यायची. पसंती तिची. आपण फक्त कान पुढे करायचा. मला तिने हिरव्या गोंड्यांची घेतली, खांद्याला लागणारी. मी म्हटलं, "मुकादमीणबाई, ह्या वयात हे घालून मी कुठे मिरवू?"

"वय गुडघ्याला असतं. कानाला नसतं," ती म्हणाली. "घाल."

मी घातली. दुसऱ्या दिवशी काढून ठेवली. मला ती अजिबात आवडली नव्हती आणि मी तसं तिला सांगितलंही. ती म्हणाली, "तुला काय शोभतं ते तुला कुठे कळतंय." ती असं का करायची, हे एकीने एकदा विचारलं होतं. "मला आवडतं. तुझ्या पोटात का दुखतं?" एवढंच उत्तर मिळालं. तिचा नवरा खलाशी होता, बोटीवर गेला तो परत आला नाही. मेला म्हणून कागदही आला नाही. त्याच्याबद्दल ती कधी बोलली नाही, आम्ही विचारलं नाही.

आता माझं. माझा नवरा दारू पीत नव्हता. लोक त्याला सज्जन म्हणायचे. तो आकडा लावायचा. रोज एक आकडा, आणि रोज तो चुकायचा. त्यापायी घरातला पितळेचा हंडा गेला, पोरीचे चांदीचे पैंजण गेले, पडवीवरचे चार पत्रेसुद्धा काढून विकले. राहिल्या होत्या माझ्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या. माझ्या आईच्या त्या. एका वाटीला खळगा आहे, मला दात येत होते तेव्हा मी ती चावली होती म्हणे. त्या वाट्या मी पोरीसाठी धरून ठेवल्या होत्या. नवरा काही महिन्यांपासून गळ्याकडे बघायला लागला होता. माणूस घड्याळाकडे बघतो तसा.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडत नाही हे मुकादमिणीच्या लक्षात आलं. तिने विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "बहिणीकडे ठेव." मी म्हटलं, तो बहिणीकडून घेऊन येतो. "ब्यांकेत ठेव." मी म्हटलं, कागद मिळाला की तो तिथेही माझी सही घेऊन जाईल. ती थोडा वेळ दात कोरत बसली.

त्याच्या आधी महिनाभर एक गोष्ट झाली होती. डब्यात सोनं ठेवायला बायका घाबरतात म्हणून मुकादमिणीने आमच्या रांगेतल्या सगळ्या लग्न झालेल्या बायकांना बाजारातून एकसारखी खोटी मंगळसूत्रं घेऊन दिली होती. नासिर म्हणून एक विकणारा एसटी स्टँडच्या बाजूच्या रस्त्याला छत्री लावून बसायचा. त्याच्याकडे सोन्याची हुबेहूब नक्कल मिळायची, बारीक काळे मणी, दोन वाट्या, हल्ली मुली घालतात तशी आखूड. सोनं घरी, बाजारातलं शेडात, असा तिने नियम केला होता.

"तुझं तू गळ्यातच ठेव," ती मला म्हणाली. "फक्त ते बाजारातलं हाय असं त्याला कळू दे."

तिने माझ्या वाट्या नासिरच्या मण्यांत ओवून दिल्या. नासिरच्या वाट्या मी खाडीत टाकल्या. घरी सांगितलं, पोरीच्या नर्सिंगच्या फीसाठी सोनं विकलं, आता हेच. नवरा दोन दिवस जेवला नाही. त्याचं दुःख मला दिसत होतं, पण मला त्याची कीव आली नाही. पुढल्या शनिवारी बाजारात तो चहाच्या टपरीवर बसला होता, तेव्हा मुकादमीण मुद्दाम त्याला ऐकू जाईल असं नासिरला ओरडून सांगत होती, "ह्या बाईला ह्याच्यावर जुळणारी कानातली दे रे. बिचारीचं सोनं गेलं." नवऱ्याने मान खाली घातली. तेव्हापासून तो माझ्या गळ्याकडे बघायचा बंद झाला.

मग गणपतीनंतरची ती दुपार आली. दीपाली म्हणून एक पोर होती आमच्या रांगेत, वर्षभरापूर्वी लग्न झालेली, आतल्या गावातली. पहिल्या गौरीचा ओवसा भरून गावाहून परस्पर कामावर आली. ओवसा म्हणजे नव्या सुनेने गौरीपुढे सुपं मांडून पुजायची, अंगावर सगळं सोनं घालून. तिला बदलायला वेळ मिळाला नव्हता. तिचं खरं मंगळसूत्र तसंच डब्यात गेलं. ते तिने मुकादमिणीला सांगितलं नाही. नेमका जेवणाच्या सुट्टीत डब्याखालचा पाट सरकला आणि डबा खाली आला. नावाच्या चिठ्ठ्या लावून डब्यात ठेवलेली बारा मंगळसूत्रं ओल्या फरशीवर एका ढिगात पडली, चिठ्ठ्या सुटून.

दीपाली ढिगापाशी बसली. "त्यात माझं सोन्याचं हाय," म्हणाली. "घरी जाताच सासूबाई गळ्याकडे बघतील. मी काय सांगू?"

सगळ्या जणी ओणव्या झाल्या. कुणी वजन करतंय, कुणी दाताखाली धरतंय. हल्लीच्या वाट्या इतक्या पातळ असतात की हातात फरक कळत नाही. दोघी-तिघींनी वेगवेगळं उचलून हेच म्हणून सांगितलं.

आमच्या शेजारची शकू पण त्या रांगेत होती. तिचा नवरा आणि माझा नवरा रोज संध्याकाळी एकाच कट्ट्यावर बसून आकड्यांची चर्चा करायचे. शकूच्या तोंडात तीळ भिजत नसे. तीच म्हणाली, "एवढं काय शोधता? मुकादमीणबाई, काढा तुमची बाटली. खोटं असेल ते काळं पडेल, खरं राहील."

सगळ्यांना पटलं. मलाच नाही. त्या बारांत सोन्याचं एक नव्हतं, दोन होती. दोन पिवळी राहिली की शकू विचारणार, दुसरं कुणाचं? आणि दिवेलागणीला कट्ट्यावर बातमी पोचणार. मी मुकादमिणीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. टोपात ब्लिचिंग कालवत होती.

"एकेक घालणार," ती म्हणाली. "गोंधळ नाय पायजे."

पहिलं टाकलं. सगळ्या टोपात डोकी घालून. दोन-तीन मिनिटांत वाट्या आधी तांबूस, मग काळ्या. दुसरं तसंच. तिसऱ्याला एक म्हणाली, "अगो माझं नवीनच होतं." चौथंही काळं. पाचवं पाण्यात पडलं आणि तसंच राहिलं. आम्ही बघत राहिलो. बदललं नाही.

मुकादमिणीने ते वर काढलं, पदराला पुसलं आणि दीपालीच्या हातात दिलं. दीपालीने ते उलटं केलं. तिचा अंगठा एका वाटीवर थांबला. मी बाजूलाच उभी होते, मला खळगा दिसला. ते माझं होतं.

दीपालीने तोंड उघडलं. "मुकादमीणबाई, हे..."

"हेच," मुकादमीण म्हणाली. "घाल."

लिलावात भाव तुटल्यावर ती जसं बोलायची तसं ते होतं. दीपालीने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि घातलं. मुकादमिणीने उरलेली सात भराभर गोळा करून पर्समध्ये टाकली.

शकू म्हणाली, "ती पण बुडवा की. मजा तरी बघू."

"मजा बघायची तर सिनेमाला जा. सोनं मिळालं, आता चांगली मंगळसूत्रं कशाला जाळू? शनिवारी सगळ्यांना वाटते. आज घरची घाला."

माझ्या घरी दुसरं नव्हतं, हे रांगेतल्या सगळ्यांना माहीत होतं. मुकादमिणीने त्या चार काळ्यांतलं सगळ्यात काळं निवडून माझ्यापुढे टाकलं. "हे घालून जा. आणि घरी उजेडात बस."

मी उजेडात बसले. नवऱ्याने बघितलं आणि कित्येक दिवसांनी हसला. "बाजारातलं शेवटी बाजारातलंच," म्हणाला. मी म्हटलं, "खरं आहे." त्यानंतर तो माझ्याशी बरंच बरं वागला. आपण सोनं विकायला लावलं असं त्याला वाटत असावं.

शनिवारपर्यंतचे चार दिवस मला जड गेले. आईच्या वाट्या त्या पोरीच्या सासरी होत्या. तिने सासूला सांगितलं असतं तर? किंवा जुनं चोख सोनं म्हणून ठेवून घेतलं असतं तर मी कुठल्या तोंडाने मागणार होते? माझं म्हणून मागायचं तर माझं सोनं आहे हे आधी सांगायला हवं. मुकादमिणीला विचारलं तर म्हणाली, "कोळंबी सोल."

शनिवारी ती आम्हा सगळ्यांना घेऊन नासिरकडे गेली. दीपालीला तिने सोनं घालून यायला सांगितलं होतं. नासिरने मुकादमिणीला बघून कपाळाला हात लावला.

"नासिर, चार काळी पडली. बदलून दे."

"मावशी, ब्लिचिंगच्या टोपात बुडवल्यावर माणूस पण काळा पडेल."

"माणूस बदलून मागत नाय मी. ह्या वाट्या बदलून दे."

त्यांचं अर्धा तास चाललं. मुकादमिणीने चार बदलून घेतली, पर्समधली वाटली. माझ्या गळ्यात तिने स्वतः एक घातलं आणि मागून कडी लावताना हळूच म्हणाली, "हे तिचं."

मग तिने नासिरच्या माळेतला सगळ्यात मोठा काळा गॉगल काढला आणि शकूच्या डोळ्यांवर चढवला. "अगो बाई, ही बघा. बघा गो सगळ्या, शकू कशी दिसते." सगळ्या शकूकडे वळल्या. शकूला आरसा पाहिजे होता, नासिरने मोठा आरसा तिच्याकडे फिरवला. ती मान इकडे कर, तिकडे कर करायला लागली. छोटा आरसा मुकादमिणीने मला आणि दीपालीला दिला. "तुम्ही दोघी एकमेकींचं घालून बघा, कुणाला काय बरं दिसतंय."

भर बाजारात, लोक धक्के मारत जातायत, गाडीवर हिंदी गाणी लागलीत, आणि आम्ही दोघींनी तिथे गळ्यातली मंगळसूत्रं काढून बदलली. माझं माझ्या गळ्यात बांधताना दीपालीने कानाशी विचारलं, "मावशी, वाटीला चावलंय कोण?"

"मी," म्हटलं.

ती हसली. मग म्हणाली, "मी घरात कुणाला दाखवली नाय ती बाजू."

तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिचं तिला कळलं. मी तिला गाडीवरून मोत्यांच्या दोन पिना घेऊन दिल्या. शकूने गॉगल विकत घेतला.

पुढे सात-आठ वर्षं तसंच चाललं. मुलगी शिकली, नोकरीला लागली. नवऱ्याने जन्मभर आकडा लावला आणि एकदाही नीट लागला नाही, मग एका सकाळी छातीत दुखून गेला. मी रडले. इतकी वर्षं एका घरात काढलेला माणूस होता.

आमच्यात बाईच्या गळ्यातलं त्या दिवशी काढतात. नणंदेने माझं काढलं, हातात उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "खोटंच हाय. स्मशानात जातील त्यांच्याकडे द्या, समुद्रात सोडतील." बाहेर ओट्यावर माझे दोन दीर बसले होते. घर कुणाच्या नावावर आहे याची चौकशी तेव्हाच सुरू झाली होती. सोनं आहे म्हटलं असतं तर ते भावाचं म्हणून त्यांनी घेतलं असतं. नाही म्हटलं तर समुद्रात.

मुकादमीण कोपऱ्यात बसली होती, तिच्या नेहमीच्या दोन कानांतल्या दोन तऱ्हांसकट. उठली, नणंदेपुढे हात केला. "इकडं द्या ते. माझ्या हस्ते घेतलंय. दुकानदाराकडे बदलून मिळेल, वॉरंटी हाय."

घरात प्रेत होतं. सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. नणंद म्हणाली, "बाई, तुम्हाला लाज?"

"लाज बदलून मिळत नाय," ती म्हणाली. नणंदेच्या हातातून ते घेतलं, पर्समध्ये टाकलं आणि परत कोपऱ्यात बसून राहिली, प्रेत उचलेपर्यंत.

आमच्या आळीत आजही ती गोष्ट सांगतात. मेलेल्या माणसाच्या बायकोच्या गळ्यातलं खोटं मंगळसूत्रसुद्धा जिने बदलून घ्यायला नेलं ती बाई. सांगताना लोक हसतात, थुंकतात. तिच्याही कानावर ते गेलं होतं. मी म्हटलं, आता सांगून टाकते सगळ्यांना. ती म्हणाली, "तुझे दीर जिवंत हायत ना अजून? मग गप बस." दीर आता नाहीत. म्हणून सांगितलं.

तेरावं झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी ती घरी आली. वाट्या तिने मण्यांतून काढून, घासून, वर्तमानपत्राच्या कपट्यात बांधून आणल्या होत्या. माझ्या हातात दिल्या. चहा घेतला. जायला उठली तेव्हा म्हणाली, "माझं काम झालं. आता मला एक कानातलं आण बाजारातून. तू निवड."

मी म्हटलं, "मला त्यातलं काय कळतं? तुम्हीच म्हणता."

"कळत नाय ते बघायचंय मला."

शनिवारी मी एकटी नासिरकडे गेले. कुणासाठी पाहिजे ते सांगितल्यावर तो म्हणाला, "मग मावशीला घेऊन ये. मी जबाबदारी घेणार नाय." मी तासभर उभी राहिले. सगळी कानातली सारखीच दिसायला लागली. शेवटी गुलाबी प्लॅस्टिकची फुलं घेतली, मधे चमकीचा ठिपका असलेली. तीच का घेतली ते मला सांगता यायचं नाही.

सोमवारी शेडाच्या दारात तिला दिली. तिने ती तळहातावर ठेवून बराच वेळ बघितली.

"किती भिकार निवड हाय गो तुझी," ती म्हणाली.

मग कानातली जुनी दोन्ही काढून तिने ती फुलं घातली आणि मला म्हणाली, "उभी काय राहिलीस? गळ्यातलं, हातातलं काय असेल ते काढ आणि आत जा. माल आलाय." माझ्या अंगावर तेव्हा काढायला काहीच नव्हतं. तिच्याही ते लक्षात आलं. तिने माझा हात धरला, नुसता, क्षणभर, आणि मागच्या बाईला पुढे ये म्हणाली.